विश्लेषण : रूळ गेले, वाट उरली... डोंगर-तळ्यांच्या मुलखात मोटारींविना सायकलसफर कशी शक्य झाली?

डोंगर, तळी आणि सायकल हे त्रिकूट छायाचित्रात जितके सुरेख दिसते, तितके ते प्रत्यक्षात जुळून येणे कठीण असते. डोंगर म्हटला की दमछाक करणारा चढ आला. तळे म्हटले की त्याच्या काठाने जाणारा एकुलता एक, अरुंद आणि मोटारींनी भरलेला रस्ता आला. इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टमध्ये नेमके हेच चित्र आहे. तरीही तिथल्या केझिक या गावापासून थ्रेलकेल्ड या खेड्यापर्यंत सुमारे पाच किलोमीटरची अशी एक वाट आहे, जिच्यावर नुकतेच सायकल शिकलेले मूल, सामान लादून निघालेला लांब पल्ल्याचा सायकलस्वार आणि व्हीलचेअरवरील व्यक्ती एकाच वेळी निर्धास्त जाऊ शकतात. मोटार एकही नाही आणि चढ जेमतेम जाणवणारा. ही वाट कशी तयार झाली, वादळात कशी वाहून गेली, पुन्हा उभारताना भांडण कशावरून झाले आणि तिचीच जुळी वाट कायमची हातची कशी गेली, हे समजून घेण्याजोगे आहे.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये सायकल चालवणे अवघड का?

कम्ब्रिया परगण्यातील हे राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये घोषित झाले आणि २०१७ मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे २,३६२ चौरस किलोमीटर. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक (९७८ मीटर) इथेच आहे आणि सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर विंडरमियरही इथेच. सह्याद्रीत वाढलेल्या वाचकाला ९७८ मीटर हा आकडा किरकोळ वाटेल, कारण आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. पण इथल्या हिमनद्यांनी दऱ्या इतक्या खोल आणि उभ्या कोरल्या आहेत की एका दरीतून दुसरीत जायचे तर खिंड चढण्यावाचून इलाज नसतो. होनिस्टर खिंडीतील रस्त्याचा चढ २५ टक्क्यांपर्यंत जातो, तर हार्डनॉट खिंडीत तो तब्बल ३३ टक्के होतो. म्हणजे तीन मीटर पुढे जाताना एक मीटर वर!

दुसरी अडचण माणसांची. उद्यानाच्या हद्दीत कायम राहणारे लोक जेमतेम ४० हजार आणि वर्षाकाठी होणाऱ्या भेटी सुमारे १ कोटी ८० लाख. यातील बहुतांश लोक मोटारीने येतात. दरीच्या तळाशी सपाट जागा थोडी, ती तळ्याने व्यापलेली. मग उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून रस्ता जातो. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणाच्या भिंती असल्याने सायकलस्वाराला बाजूला सरकायलाही जागा नसते. थोडक्यात, सपाट रस्त्यावर मोटारी आहेत आणि मोटारी कमी असलेल्या रस्त्यावर उभे चढ आहेत. सराव असलेला धट्टाकट्टा सायकलपटू यातूनही वाट काढतो. बाकीच्यांनी काय करायचे?

मग ही पाच किलोमीटरची वाट वेगळी कशी?

उत्तर आहे रेल्वे. ही वाट मुळात कॉकरमथ-केझिक-पेनरिथ या रेल्वेमार्गाचा एक तुकडा आहे. हा मार्ग १८६४ मध्ये मालवाहतुकीसाठी आणि जानेवारी १८६५ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. इंग्लंडच्या पूर्व भागातील डरॅमचा कोक पश्चिम किनाऱ्यालगतच्या लोखंडाच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचवणे, हा त्यामागचा मुख्य हेतू. पर्यटक नंतर आले. मार्गाचे अभियंते होते थॉमस बाउच. १८७९ मध्ये वादळात धावत्या गाडीसह कोसळलेला स्कॉटलंडमधील टे पूल बांधणारे ते हेच. त्या दुर्घटनेने त्यांची कारकीर्द संपली, पण ग्रेटा नदीच्या घळीतून त्यांनी काढलेली वाट आजही लोकांच्या उपयोगी पडते आहे.

रेल्वेची वाट सायकलला का मानवते, याचे कारण साध्या पदार्थविज्ञानात आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी घर्षणाने धावते. सपाटीवर हा फायदा असतो, पण चढावर तोच तोटा ठरतो, कारण चाके घसरू लागतात. म्हणून डोंगरातही रेल्वेचा चढ साधारणपणे शंभर मीटरला दीड-दोन मीटर इतकाच ठेवावा लागतो. त्यासाठी अभियंते डोंगर कापतात, खोलगट जागी भराव घालतात, नदीवर पूल टाकतात, बोगदे खणतात. हा सगळा खर्च शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलेला असतो.

याचा सायकलस्वाराला काय फायदा होतो, ते आकड्यांत पाहू. सायकल, सामान आणि माणूस मिळून १०० किलो वजन धरले, तर २५ टक्क्यांच्या चढावर ताशी पाच किलोमीटर या रांगत्या वेगानेही वर जाण्यासाठी सुमारे ३३० वॅट शक्ती लागते. सर्वसाधारण निरोगी माणूस सलग काही काळ १०० ते १५० वॅट शक्ती लावू शकतो. म्हणजे तो उतरून सायकल ढकलणार, हे नक्की. तेच वजन दीड टक्क्याच्या चढावर ताशी १२ किलोमीटर वेगाने न्यायला चढासाठी केवळ ५० वॅटच्या आसपास शक्ती पुरते. हवेचा आणि रस्त्याचा विरोध धरूनही हे काम आवाक्यातले राहते. डोंगर तोच, दरीही तीच, पण खिंडीचा रस्ता मोजक्या लोकांचा आणि रेल्वेची वाट सर्वांची, ती अशी.

एकाच रेल्वेच्या दोन भागांचे नशीब वेगळे का झाले?

या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग इथे आहे. मोटारी वाढल्या आणि ब्रिटनमधील छोट्या रेल्वेमार्गांचा तोटा वाढत गेला. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांनी सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. केझिकच्या पश्चिमेकडील मार्ग १९६६ मध्ये बंद झाला. केझिक ते पेनरिथ हा पूर्वेकडील भाग आणखी सहा वर्षे तग धरून होता, तोही मार्च १९७२ मध्ये थांबला.

पश्चिमेकडील रूळ बॅसनथ्वेट लेक या सरोवराच्या अगदी काठाने जात होते. (या प्रदेशातील बहुतेक सरोवरांच्या नावात ‘वॉटर’ किंवा ‘मियर’ असते. ‘लेक’ हा शब्द नावात असलेले हे एकच.) पाण्याला खेटून जाणारी, सपाट, आखीव अशी ही तयार वाट होती. सायकलवाटेसाठी याहून चांगली जागा मागूनही मिळाली नसती. पण १९७० च्या दशकात ‘ए-६६’ हा महामार्ग रुंद करायचे ठरले आणि निसर्गप्रेमींचा विरोध असतानाही सरोवराकाठचा महामार्ग या रेल्वेच्या वाटेवरून नेण्यात आला. आज तिथून अवजड ट्रक भरधाव जातात. पूर्वेकडे, केझिक ते थ्रेलकेल्ड या टप्प्यात, महामार्ग नदीच्या घळीवरून उंच पुलाने गेला. खालची रेल्वेची वाट, थोडे नुकसान सोसून का होईना, शिल्लक राहिली आणि पुढे पादचारी व सायकलस्वारांना मिळाली.

एकाच कंपनीने, एकाच वेळी, एकाच अभियंत्याकडून बांधून घेतलेल्या मार्गाचे हे दोन वारसदार. एक सरोवराकाठचा महामार्ग झाला, दुसरा नदीकाठची सायकलवाट. बंद पडलेली सार्वजनिक वाट ही मोकळी जमीन नसते, ती एक संधी असते आणि ती एकदाच मिळते, हे या उदाहरणातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल. महामार्ग आवश्यक होता की नाही, यावर मतभेद असू शकतील. परंतु त्याची किंमत सरोवराच्या संपूर्ण काठाने मोजली, हे नाकारता येत नाही. सरोवराकाठची ती सपाट पट्टी पुन्हा निर्माण करणे आता कुणाच्याच हाती नाही.

जुन्या रेल्वेवाटांवर सायकल, ही चळवळ कशी वाढली?

ब्रिटनमध्ये बंद रेल्वेमार्गांच्या जमिनी बहुतांशी तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या. कुठे शेतकऱ्याने पट्टा घेतला, कुठे घरे उठली, कुठे पूल भंगारात गेले. अशा वेळी १९७७ मध्ये ब्रिस्टल शहरात सायकलप्रेमींचा एक गट एकत्र आला. त्यातूनच पुढे ‘सस्ट्रान्स’ ही संस्था उभी राहिली. ब्रिस्टल ते बाथ या शहरांमधील सुमारे २१ किलोमीटरच्या बंद रेल्वेमार्गावर या मंडळींनी स्वयंसेवकांच्या मदतीने, १९७९ ते १९८६ या काळात, टप्प्याटप्प्याने वाट तयार केली. १९९५ मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून ४ कोटी ३५ लाख पौंड मिळाले आणि देशव्यापी सायकल जाळ्याचे काम सुरू झाले.

त्याआधी एक वर्ष, १९९४ मध्ये, ‘सी टू सी’ हा मार्ग खुला झाला होता. आयरिश समुद्राच्या काठावरील व्हाइटहेवन किंवा वर्किंग्टनपासून निघून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे २२५ किलोमीटर जाणारा हा मार्ग ब्रिटनमधील लांब पल्ल्याच्या सायकलसफरींपैकी अतिशय लोकप्रिय आहे. निघताना मागचे चाक पश्चिमेच्या समुद्रात भिजवायचे आणि पोहोचल्यावर पुढचे चाक पूर्वेच्या समुद्रात, अशी सायकलस्वारांची रीत आहे. केझिक-थ्रेलकेल्ड वाट याच मार्गाचा भाग आहे. व्हाइटहेवनमधून बाहेर पडतानाही हा मार्ग जुन्या खनिज रेल्वेच्या वाटेनेच डोंगराकडे चढत जातो.

ही युक्ती फक्त इंग्लंडची नाही. फ्रान्समध्ये अ‍ॅनसी सरोवराच्या पश्चिम काठाने जाणारी सायकलवाट जुन्या रेल्वेमार्गावरच आहे. इटलीत डोलोमाइट पर्वतरांगांमधून कोर्तिनामार्गे दोब्याकोला जाणारी रेल्वे १९६४ मध्ये बंद झाली. आज तिच्या वाटेवरून सायकलस्वार डोंगरातील तळ्यांच्या शेजारून जातात. डोंगर-तळ्यांच्या प्रदेशात जिथे म्हणून सर्वसामान्यांना झेपणारी मोटारमुक्त सायकलवाट दिसते, तिथे बहुधा जमिनीखाली कुठेतरी जुने रेल्वेचे खडीकाम सापडते.

२०१५ च्या वादळात काय घडले?

डिसेंबर २०१५ मध्ये ‘डेस्मंड’ वादळ आले. ५ डिसेंबरला संपलेल्या २४ तासांत होनिस्टर खिंडीत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला. ब्रिटनमधील हा विक्रम ठरला. महाबळेश्वर किंवा ताम्हिणीच्या पावसाची सवय असलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, पण तिथल्या नद्यांना आणि पुलांना तो सोसण्यासारखा नव्हता. ग्रेटा नदीला आलेल्या पुरात या वाटेवरील दोन पूल वाहून गेले आणि वाटेचा काही भाग नदीने गिळला. त्याच वादळात ‘ए-५९१’ हा लेक डिस्ट्रिक्टमधून दक्षिणोत्तर जाणारा मुख्य रस्ताही डनमेल रेझ या खिंडीत खचला होता. तो मे २०१६ मध्ये, म्हणजे सुमारे पाच महिन्यांत, पुन्हा सुरू झाला. सायकलवाट पूर्ववत व्हायला किती काळ लागला? पाच वर्षे. ती ५ डिसेंबर २०२० रोजी खुली झाली.

महामार्ग आणि सायकलवाट यांची सरळ तुलना करणे योग्य नाही, हे मान्य. रस्त्यावर गावांचे दैनंदिन व्यवहार अवलंबून असतात. तरीही पाच महिने आणि पाच वर्षे यांतील फरक प्राधान्यक्रमाबद्दल पुरेसे सांगून जातो. मोटारींचा रस्ता तुटला की ती आणीबाणी ठरते. सायकलची वाट तुटली की तो ‘प्रकल्प’ ठरतो. त्याला निधी शोधावा लागतो, अहवाल करावे लागतात, उपयोगिता सिद्ध करावी लागते.

सुमारे ७९ लाख पौंड खर्चून झालेले काम मात्र नेटके आहे. नव्या पुलांची उंची पुराचा विचार करून वाढवली आहे. १९७० च्या दशकात महामार्गाच्या बांधकामावेळी भराव टाकून बुजवलेला जुना रेल्वे बोगदा पुन्हा खणून मोकळा करण्यात आला. त्याआधी सायकलस्वारांना या ठिकाणी महामार्गाच्या पुलाखालून लाकडी फळ्यांच्या वाटेने जावे लागे. जे एकदा मोटारींसाठी बुजवले, ते अर्धशतकाने पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी उकरून काढले, ही गोष्ट प्रतीकात्मक म्हणावी अशीच आहे.

डांबर घालण्यावरून वाद का पेटला?

दुरुस्तीच्या वेळी उद्यान प्राधिकरणाने वाटेला डांबरी पृष्ठभाग द्यायचे ठरवले. पूर्वी ती दाबून बसवलेल्या बारीक खडीची आणि मातीची होती. काही स्थानिकांना आणि निसर्गरक्षक संस्थांना हे पटले नाही. डोंगरातील वाट शहरातील पदपथासारखी दिसेल, सायकली वेगाने धावतील आणि पायी चालणाऱ्यांची शांतता जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. प्राधिकरणाचे म्हणणे असे, की डांबरामुळे व्हीलचेअर, बाबागाडी, तीनचाकी सायकल यांना वर्षभर जाता येईल आणि पावसात वाट धुपणार नाही. अखेर डांबर घातले गेले.

दोन्ही बाजूंना तथ्य आहे. डांबर सुंदर दिसत नाही. वाहणाऱ्या पाण्याला ते वेगळ्या प्रकारे वळवते आणि वेगवान सायकलस्वारांचा उपद्रव ही कल्पित गोष्ट नाही. तरी या वादात माझे मत प्राधिकरणाच्या बाजूने आहे. त्याचे कारण त्या प्रदेशाच्या इतिहासातच सापडते.

१८४४ मध्ये केंडालपासून विंडरमियरपर्यंत रेल्वे आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला सर्वांत ठामपणे विरोध करणारी व्यक्ती होती, या प्रदेशाचा महाकवी विल्यम वर्ड्सवर्थ. त्यांनी कविता लिहिली, ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राला पत्रे लिहिली. रेल्वेने शांतता भंग होईल, ही त्यांची भीती खरीच ठरली. परंतु त्यांच्या युक्तिवादात आणखी एक धागा होता. निसर्गाचा आस्वाद घेण्यासाठी मनाची हळूहळू मशागत व्हावी लागते, कारखान्यांतील कामगारांना गाड्या भरभरून आणल्याने ती होणार नाही, अशा अर्थाचा. रेल्वे १८४७ मध्ये आलीच. लँकेशरच्या गिरण्यांमधील कामगारांनी त्या रेल्वेतून येऊन आयुष्यात पहिल्यांदा ही सरोवरे पाहिली. वर्ड्सवर्थ यांचे जन्मगाव कॉकरमथ. त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांत केझिकची रेल्वे त्याच गावापर्यंत जाऊन पोहोचली, हा आणखी एक योगायोग.

डोंगर नेमके कुणाचे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि डांबराच्या वादातही तोच होता. खडबडीत वाट ही ज्यांचे पाय धड आहेत त्यांना ‘नैसर्गिक’ वाटते. व्हीलचेअरवर असलेल्याला ती बंद दरवाजासारखी असते. लेक डिस्ट्रिक्टमध्ये कच्च्या, दगडाळ, दमवणाऱ्या पायवाटांना तोटा नाही. त्यांतील पाच किलोमीटर गुळगुळीत झाल्याने धडधाकट लोकांचे फारसे काही हिरावले जात नाही. इतरांना मात्र डोंगरातील घळ, खळाळती नदी आणि ब्लेनकाथ्रा शिखराचे दर्शन हे सारे त्यामुळेच मिळते. सौंदर्याची किंमत मोजायची असेल, तर ती कुणाला मोजावी लागते, हे आधी पाहायला हवे.

रेल्वेची वाट नसेल, तिथे काय करतात?

प्रत्येक दरीतून रेल्वे गेली नव्हती. तिथे लेक डिस्ट्रिक्टने इतर मार्ग वापरले आहेत. ग्राइझडेल आणि व्हिनलॅटर येथील वनखात्याच्या रस्त्यांवर सायकलला मुभा आहे. एनरडेल दरीत ठरावीक वाहनतळापलीकडे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव आहे, त्यामुळे सरोवराच्या काठाने जाणारा जंगलरस्ता चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना मोकळा मिळतो. विंडरमियरच्या पश्चिम काठावर रे कासलपासून दक्षिणेकडे जाणारी वाट झाडीतून, पाण्याला लागून जाते. सरोवर ओलांडण्यासाठी सायकल नेता येईल अशा बोटी आहेत. पूर्वेकडच्या गजबजाटातून बोटीने पलीकडे गेले, की मोटारींचा रस्ता टाळूनच सफर सुरू करता येते.

इथे कायद्याची मदत महत्त्वाची ठरते. इंग्लंडमध्ये पायवाट आणि घोडवाट यांत फरक आहे. १९६८ च्या ग्रामीण भागविषयक कायद्याने घोडवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क दिला. मात्र त्यासोबत एक अट घातली : सायकलस्वाराने पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट दिली पाहिजे. हक्क आणि जबाबदारी एकाच वाक्यात बांधलेली ही तरतूद आजही लागू आहे. मोटार नसलेल्या वाटेवर सायकल हेच सर्वांत वेगवान वाहन असते, तेव्हा तिथे सौजन्य दाखवण्याची पहिली जबाबदारी सायकलस्वाराचीच.

हे सगळे पुरेसे आहे का?

नाही. पाच किलोमीटरची वाट ही सुंदर सुरुवात आहे, सफर नव्हे. थ्रेलकेल्डपुढे सायकलस्वार पुन्हा छोट्या रस्त्यांवर आणि काही ठिकाणी महामार्गाच्या शेजारी येतो. ब्रिटनच्या संपूर्ण सायकल जाळ्याची हीच व्यथा आहे. २०१८ च्या आढाव्यात १६ हजार मैलांहून अधिक लांबीच्या या जाळ्यापैकी जेमतेम एक तृतीयांश भाग मोटारमुक्त असल्याचे दिसले. २०२० मध्ये तर जाळ्याचा सुमारे पाव भाग, सुरक्षिततेच्या कसोटीला उतरत नाही म्हणून, वगळावा किंवा वेगळ्या वर्गात टाकावा लागला. नकाशावर रेघ ओढली म्हणून वाट तयार होत नाही, याची ही प्रामाणिक कबुली होती.

आणखी एक विरोधाभास आहे. रेल्वे गेल्यामुळे केझिकला पोहोचण्यासाठी बस किंवा मोटार हेच पर्याय उरले. त्यामुळे मोटारीच्या टपावर सायकल लादून मोटारमुक्त वाटेपर्यंत येणारी कुटुंबे इथे दिसली, तर नवल नाही. म्हणूनच केझिक-पेनरिथ रेल्वे पुन्हा सुरू करावी, अशीही मागणी होत आली आहे. ती प्रत्यक्षात येवो वा न येवो, पण वाट अखंड राखली तरच अशा मागणीला अर्थ उरतो. अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नेमकी हीच सोय केली. बंद होणाऱ्या रेल्वेमार्गाची पट्टी अखंड ठेवायची, तोवर ती चालण्या-सायकलसाठी वापरायची आणि गरज पडल्यास पुन्हा रेल्वेला द्यायची. ब्रिटनने बीचिंग यांच्या काळात हे केले असते, तर आज तुकडे जोडत बसायची वेळ आली नसती.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

आपल्या सह्याद्रीतील बहुतेक मोठे जलाशय धरणांचे आहेत आणि त्यांच्या काठाने रेल्वे कधी गेली नाही. त्यामुळे लेक डिस्ट्रिक्टची नक्कल इथे होणार नाही. पण प्रश्न तोच आहे. पावसाळ्यातील रविवारी मुळशी, पवना किंवा काजव्यांच्या दिवसांत भंडारदरा इथे गेलेल्या कुणालाही, पाण्याकाठचा एकमेव रस्ता मोटारींनी कसा व्यापतो, हे वेगळे सांगायला नको. मोटारबंदी आपल्याला परकी नाही. माथेरानमध्ये पर्यटकाला मोटार दस्तुरीला सोडूनच पुढे जावे लागते आणि त्यामुळे त्या गावाचे आकर्षण कमी झालेले नाही. ठरावीक दिवशी, ठरावीक तास जलाशयाकाठचा एखादा रस्ता स्थानिकांची वाहने आणि बस वगळता इतर मोटारींना बंद ठेवण्याचा प्रयोग करायला मोठा निधी लागत नाही.

आपल्याकडे रेल्वेच्या वाटेहूनही सपाट असे काही आहे, ते म्हणजे कालव्यांच्या कडेचे सेवारस्ते. पाणी वाहते राहील इतकाच उतार त्यांना असतो. धरणापासून मैदानापर्यंत जाणारे असे रस्ते आधीच सरकारी मालकीचे आहेत. त्यांवरील अतिक्रमण आणि राडारोडा रोखला, तर त्यांतील काही टप्पे सायकलवाटा होऊ शकतील.

बंद रेल्वेमार्गही आपल्याकडे आहेत, पण प्रत्येकाचे उत्तर सायकलवाट हेच नाही. विदर्भातील ‘शकुंतला’ नॅरोगेजच्या बाबतीत लोकांना रेल्वेच हवी आहे आणि ती मागणी रास्त आहे. मेळघाटातून जाणाऱ्या जुन्या मीटरगेज मार्गाच्या जागी नवा मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून न्यावा, हा आग्रह धरला गेला, तो जंगलासाठी. तिथे माणसाने, सायकलवर असला तरी, मागे राहणेच बरे. मुद्दा इतकाच, की निर्णय होईपर्यंत पट्टी अखंड राहिली पाहिजे. तिचे तुकडे झाले, की रेल्वे, सायकल, जंगल यांपैकी कुणाच्याच वाट्याला ती येत नाही.

केझिकच्या पश्चिमेला सरोवराकाठी उभे राहिले, की ट्रकांचा आवाज ऐकू येतो. पूर्वेला काही किलोमीटरवर, त्याच रेल्वेच्या वाटेवर, नदीचा आवाज येतो. कुठे कोणता आवाज ऐकू यावा, हे पन्नास वर्षांपूर्वी काही कागदांवर ठरले. आपल्याकडे असे कागद आत्ता टेबलांवर आहेत.